शेपटीकडून वाचलेली शेळी

मी एक चित्रकथा बोलतेय. माझ्यात एकही अक्षर नाही, म्हणून मला बोलता येत नसावं असा पुष्कळांचा समज आहे. पण मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. मला काढणारी जगदेवीही तशी नाही, आणि मला सांभाळणारी प्रमोदिनी तर नाहीच नाही.

जगदेवी उमरग्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. फुलदाणी आणि आंबा काढून तिचा जीव विटला, तेव्हा तिनं मला काढायला घेतलं. पानाला एक चित्र. एक बाई दारात शेळी घेऊन उभी असते. पाटील येतो आणि शेळीचं दावं हिसकावून नेतो. बाई रडते, मग पदर खोचते आणि गावभर त्याच्यामागं धावते. चावडीपुढं त्याचं पागोटं उतरवते. गाव हसतं. शेवटी ती त्याला उकिरड्यात ढकलते आणि शेळी घेऊन निघून जाते. झाली माझी गोष्ट.

सोलापूरच्या एका छोट्या शिळाप्रेसवर माझा जन्म झाला. छापणाऱ्यानं काहीतरी नाव द्या म्हणून फार विनवलं, निदान पानांना आकडे तरी घाला म्हणाला. जगदेवी म्हणाली, ज्याला शेळी बघून कळत न्हाय त्याला नाव वाचून काय कळणार? त्यामुळे माझ्या पुढच्या मुखपृष्ठावर फक्त शेळीचं तोंड आहे, आणि मागच्यावर तिची शेपटी.

एसटीच्या टपावरून मी उमरग्याला आले आणि वाचनालयात प्रमोदिनीच्या हाती पडले. ही मुलगी हैदराबादला कॉलेज करून आलेली. वाचनालय चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांशी महिनोन्‌महिने भांडून तिनं चित्रकथांसाठी एक फळी मिळवली होती. वरची. तिथं मुलांचा हात पोचू नये म्हणून दिलेली. हिनं दुसऱ्याच दिवशी फळीखाली स्टूल ठेवलं.

बाजाराच्या दिवशी ती बाहेरच्या फळ्यावर खडूनं खबर लिहायची. कुणी पदरमोड करून नवं काय छापलं, जुन्यातलं काय चुकवू नये. त्या आठवड्यात तिनं लिहिलं, ‘नवी आली: शेळीची गोष्ट. काढणारी आपल्याच गावची. पाटलांनी बसून वाचावी. जुन्यापैकी: राक्षसाची गोष्ट. शेवटचं पान फाटलंय, तरी वाचा.’

पाटलांचं माहीत नाही, पण बाजाराला आलेल्या बायका आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि माझ्यात वाचायला काही नव्हतं. आमचं चांगलं जमलं. उकिरड्याच्या पानाशी आल्यावर त्या अशा हसल्या की रस्त्यावरच्या बैलानं मान वळवली.

तेवढ्यानं आग लागली. वाचनालयात बायका हसतात म्हणजे काय? दोघा कारभाऱ्यांनी ठरवलं की चित्रकथा तपासायच्या, आणि वाईट निघाल्या तर अख्खी फळी रद्दीत काढायची. त्यातले महालिंगप्पा डाळीचे व्यापारी. रद्दी त्यांच्याच दुकानात पुड्या बांधायला जाणार होती, त्यामुळे त्यांचा निकाल तयारच होता. दुसरे विष्णुपंत. निजामी अमलात तहसिलीत कारकून होते, आता पेन्शनर. फळीतला मासला म्हणून ते मला घरी घेऊन गेले.

विष्णुपंतांची सारी उमर उर्दू कागदांत गेली. उर्दू उजवीकडून वाचतात, हे सांगायला नकोच. मराठी पुस्तक ते अक्षरं बघून नीट धरायचे. माझ्यात अक्षरं नाहीत, मग हात जुन्या वळणावर गेला. त्यांनी मला शेपटीकडून उघडलं.

उलटी वाचली तर मी कशी दिसते, हे मलाही तेव्हाच कळलं. एक बाई शेळी घेऊन चाललीय. उकिरड्यात पाटील पडलेला. ती धावून त्याला बाहेर काढते आणि शेळी त्याच्या स्वाधीन करते. चावडीपुढं सगळ्या गावासमोर त्याच्या डोक्यावर पागोटं चढवते. गाव आनंदतं. ती अदबीनं त्याच्यामागून चालते. दारात पोचल्यावर पाटील शेळी तिलाच बक्षीस देतो आणि बाईच्या डोळ्यांत पाणी येतं.

पंतांच्याही आलं. त्यांनी दौत मागवली आणि माझ्या शेपटीखाली लिहिलं, ‘मंजूर. वडीलधाऱ्यांविषयी आदर वाढवणारी.’ खाली झोकदार दस्तखत.

मी परत आले तेव्हा प्रमोदिनीनं तो शेरा वाचला आणि तिचे कान लाल झाले. आदर? ती तडक पंतांच्या घरी निघाली होती. जगदेवीनं तिला दारात अडवलं. कोड्याचा उलगडा आधी जगदेवीलाच झाला होता आणि हसून हसून ती स्टुलावरून खाली आली होती. पंतांनी उलटं वाचलंय, बैठक होईपर्यंत तोंड बंद ठेव, फळी वाचतीय, असं तिनं बजावलं. प्रमोदिनीनं ठेवलं. तिला ताप आल्यासारखं झालं, पण ठेवलं.

बैठकीला महालिंगप्पा रद्दी बांधायची सुतळी घेऊनच आले. त्यांची शाळा कानडी, म्हणजे डावीकडून वाचायची. त्यांनी मला सरळ तोंडाकडून वाचलं.

“ह्यात बाई पाटलाला उकिरड्यात ढकलती, पंत. आन् तुमी मंजूर लिवलं?”

“ढकलत नाही. बाहेर काढते आहे.”

महालिंगप्पांनी पागोट्याचं पान उघडून पुढं केलं. “मग हे? पागोटं काढतीय न्हवं?”

“घालते आहे. चष्मा लावा.”

दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं. माझी शिवण करकरली. शेवटी पंतांनी प्रमोदिनीकडं मान वळवली. तू कॉलेज केलंयस, तूच सांग, हिची सुरुवात कुठून?

फळीवरच्या माझ्या बहिणींनी श्वास रोखला असणार. शेपटीकडून, एवढंच म्हणायचं होतं. पंत सुखावले असते, सुतळी कोरी परत गेली असती. जगदेवी कोपऱ्यातून डोळे मोठे करून खुणावत होती.

“तोंडाकडून, काका,” प्रमोदिनी म्हणाली. “ती त्याला ढकलतेच. आणि मला विचाराल तर बरं करते.”

महालिंगप्पा उठले आणि सुतळी उकलत फळीकडं निघाले.

पंतांनी मला तोंडाकडून उघडलं आणि एकेक पान शेवटपर्यंत बघितलं. उकिरड्याशी ते जरा जास्त थांबले. मग स्वतःच्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

“महालिंगप्पा, सुतळी खाली ठेवा. माझी दस्तखत झालेली आहे.”

“आवं पण उलटं वाचून केली की.”

“दस्तखत सुलटी आहे. इतकी वर्षं तहसिलीत काढली, माझा एक हुकूम मागं फिरला नाही. निजाम गेला, हुकूम राहिला. फळी राहील.”

वडीलधाऱ्यांच्या ज्या हेकटपणावर प्रमोदिनी लहानपणापासून डोकं आपटत आली, त्यानंच फळी वाचवली. तिला आभारही मानायचे होते आणि भांडायचंही होतं. दोन्ही एकदम आल्यानं तिला नुसता ठसका लागला. पंतांनीच तांब्या पुढं केला.

आता माझं कसं चाललंय म्हणाल, तर दोन्हीकडून झिजतेय. हुकूम बरोबर होता हे पटवायला पंत दर बाजाराला येतात, मुलांना बसवून मला शेपटीकडून दाखवतात. मुलं अदबीनं ऐकतात. पंतांची काठी वळणापार गेली की तोंडाकडून सुरू करतात. बायका मात्र थेट उकिरडाच उघडतात. शिवण सुटली की प्रमोदिनी खळ लावते आणि मलाच रागावते. हात जोडून सांगते, थुंकी लावून पान उलटू नका, आणि भजी खाऊन तर मुळीच येऊ नका.

जगदेवीनं माझ्या धाकट्या बहिणीचं काम काढलंय. यावेळी पानांना आकडे घाल, म्हणून प्रमोदिनी तिच्या मागं लागली होती. जगदेवीनं ब्रशही खाली ठेवला नाही.

“आकडे कशाला? पहिल्या पानावर उकिरडा काढलाय, शेवटच्या पानावरबी उकिरडाच. आता पंतांनी कुठूनबी उघडू दे, पाटील आतच.”