पोपटी परकर

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, हे सावळीरामलाही ठाऊक होतं. पण ते घेऊन आपणच जावयाच्या दारात जायचं, हे त्याला पटत नव्हतं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता सकाळपासून नवरा-बायकोची जुंपली होती.

"जावयानं सासुरवाडीला यायचं अस्तं. आन् लेकच ऱ्हायली नाय, तर जावई कशाचा?"

"नात हाय ना," कुसाबाई म्हणाली. "आत्ताबी गेलो नाय, तर पोर वळखायची नाय आपल्याला."

सावळीराम म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. शेवटी शेजारी म्हणून मीच मध्ये पडलो. माझी गाडी रोज पंचवटीच्या बाजारात माल नेते. म्हटलं, कोथिंबीर उतरवू आणि तसंच इंदिरानगरला जावयाकडे जाऊ. तो हो म्हणाला नाही, पण धुतलेली टोपी घालून गाडीत येऊन बसला.

त्यांची एकुलती एक साधना तापाने गेली, तेव्हा वेदिका नुकती चालायला लागली होती. वर्षाने जावयाने, शेखरने, निकिताशी दुसरं लग्न केलं. एवढ्याशा पोरीला घेऊन बिचारा करणार तरी काय, असं गावही म्हणालं. मात्र त्यानंतर त्याचं येणं थांबलं आणि फोनही आखूड होत गेले.

लोक जावयाला चांदीचा दिवा देतात. कुसाबाईने तांब्याचं निरांजन घेतलं, चिंचेने घासून लख्ख केलं आणि अनारसे घरी तळले. तिचा खरा जीव होता नातीच्या परकर-पोलक्यात. साधनाची पोपटी साडी कापून तिने ते हाताने शिवलं होतं. माप माझ्या धाकटीचं घेतलं, कारण दोघी एकाच वयाच्या. पोर वाढेल म्हणून शिवणीत भरपूर माया सोडली होती. गाडीत ती मला सांगत होती, "पोरीला म्हनीन, हे तुझ्या आईचं लुगडं. अंगात घातलं का समजायचं, आईनंच जवळ घेतलं."

शेखर खालीच भेटला. पाया पडला, पण त्याचा चेहरा उतरला होता. जिन्यात थांबून तो हळूच म्हणाला, "मामी, एक विनंती आहे. वेदिका निकितालाच आई समजते. साधनाचं नाव काढू नका. मोठी झाली की मीच सांगेन."

सावळीराम तिथूनच माघारी फिरला. कुसाबाईने त्याची बाही धरली आणि ओढतच वर नेलं.

निकिता वाईट असती तर बरं झालं असतं, राग तरी धरता आला असता. तिने पाया पडून पाट मांडला, आग्रहाने जेवू घातलं. कुसाबाईने जावयाला कुंकू लावलं, वाण दिलं. मग निकितापुढे ती क्षणभर थांबली. तिलाही कुंकू तिने सरळ लावलं.

वेदिका निकिताच्या ओढणीआडून बघत होती. नाक-डोळे सगळे साधनाचे. तिने कोण म्हणून विचारलं, तर शेखरने गावाकडचे आजी-आजोबा एवढंच सांगितलं. परकर मात्र तिने लगेच घालून घेतला. तो अगदी मापात बसला. शेखरने काठ ओळखला आणि तो उठून गॅलरीत गेला.

पोर गिरक्या घेऊन घेऊन दमली आणि कुसाबाईच्या गुडघ्याला येऊन टेकली.

"आजी, हे कुठून आणलं?"

कुसाबाईने तोंड उघडलं. सावळीराम खाली मान घालून बसला होता. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

"बाजारातून, माय," ती म्हणाली.

"मग मला अजून एक आण ना. गुलाबी."

कुसाबाई परकराच्या चुण्या हाताने सारख्या करत राहिली.

"नाय गं माय. तेवढं एकच व्हतं."