पाहिलं का ऐकलं

साहेब, तुम्ही भित्रे आहात. खुर्ची एवढी मोठी, सही एवढी लफ्फेदार, आणि भीती कुणाची, तर सातवीतल्या पोरांची. आमच्या शाळेच्या प्रभावतीबाईंना तुम्ही शिक्षण खात्याचं पत्र धाडलंत : ‘पाठ्यपुस्तकाबाहेरील प्रश्न विचारावयास लावून विद्यार्थ्यांना वडीलधाऱ्यांविरुद्ध भडकविले, याबाबत खुलासा करावा.’ बाई खुलासा करतील, त्या नोकरीत आहेत. मी तुमचा नोकर नाही. म्हणून काय घडलं ते मी सांगतो, आणि तुम्ही मुकाट्यानं ऐकायचं.

गावाचं नाव सांगत नाही. कासार आंबोली ओलांडून पौडकडे निघालं की लागतं, एवढं बास. आधी गावठाण, तिथं मारुतीचं देऊळ, देवळापुढं एसटी थांबते. मग ओढा. ओढा ओलांडला की डाव्या हाताला फाटा फुटतो, तो आमच्या बौद्धवाडीत येतो. गाडी त्या फाट्यावरून रोज जायची. थांबायची नाही. पौडहून संध्याकाळी येताना आमची घरं खिडकीतून दिसायची, चुलीचा धूर दिसायचा, आणि उतरायचं मात्र ओढ्यापलीकडं देवळापाशी. तिथून माघारी चालायचं. वाडीतलं बारकं पोरही कारण सांगायचं : हैबतराव पाटलाच्या बापानं बंदी घातली.

माझी बहीण भीमाबाई, तिची मुलगी चांगुणा. दाजी पुण्याला कारखान्यात, पंधरवड्यानं घरी. मी उरवड्याला एका शेडात कामाला, पाळी आज सकाळची तर उद्या रात्रीची. चांगुणा सातवीत होती. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच, पुढं पौडला जावं लागतं. भीमाबाईनं आधीच सांगून टाकलं होतं, “सातवी झाली की बास. सांजच्या गाडीनं देवळापाशी उतरायचं, अंधारात माघारी यायचं, अन् ओढ्यावर ते हातभट्टीवाले बसलेले. माझी पोर त्यांच्यातनं यायची न्हाई.”

पोर रडली. आई हलली नाही. आईचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

त्या हिवाळ्यात बाई वर्गात वाहतुकीचा धडा शिकवत होत्या. ‘रस्त्यांमुळे खेडी शहरांना जोडली गेली आहेत.’ चांगुणा उठून म्हणाली, “बाई, आमच्या वाडीला गाडी थांबत न्हाई. मग आमी जोडल्यालो का तुटल्यालो?”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “का थांबत नाही?”

“पाटलांनी बंदी घातली,” वाडीतली पोरं म्हणाली.

“सरकारी नियम हाय,” गावठाणातली म्हणाली.

“कुणी ठरवलं ते एकाला तरी माहीत आहे का?” बाईंनी धड्याचं पुस्तक मिटलं. “मग हाच आपला अभ्यास. घरोघर जायचं, एकच प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न : हे तुम्ही पाहिलं का ऐकलं?” आणि फळ्यावर उभी रेघ ओढून दोन रकाने केले. एकाच्या डोक्यावर ‘पाहिलं’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘ऐकलं’.

वर्गात मी नव्हतो. हे मला चांगुणानं सांगितलं. म्हणजे हे माझं ऐकलेलं, तसंच धरा.

बाईंनी गट पाडले तेही डोकं लढवून. चांगुणासोबत हैबतरावांचीच नात, रत्ना. तिसरा भैरू, गुरवाचा, तोंडाचा फाटका. हे तिघं आधी हैबतरावांच्या ओट्यावर गेले. हैबतराव सुपारी कातरत बसलेले.

“आज्या, गाडी वाडीच्या फाट्याला का थांबत न्हाई?” रत्नानं विचारलं.

“नियम हाय.”

“कुणी केला?”

“सरकारनं.”

“तुमी पाहिला?”

“काय पाहिला?”

“नियम.”

“अगं भवाने, नियम काय दावणीचा रेडा हाय व्हय, बघायला?”

भैरू म्हणाला, “मग ऐकल्यालं लिवू का, पाटील?”

“तू काय बी लिव. तुझ्या बापाला सांगतो थांब, देवळातला नारळ बंद करतो.” असं म्हणून हैबतरावांनी चांगुणाकडं बघितलं. “अन् ही कुणाची? भीमीची का? तुमाला गाडी कशाला पायजे गं दारात? पायाला म्हेंदी लावलीया का?”

चांगुणा म्हणाली, “न्हाई. पौडला शाळा हाय म्हणून.”

हैबतरावांनी दुसरी सुपारी घेतली. अडकित्ता वाजत राहिला. रत्नानं ‘ऐकलं’ असं लिहून घेतलं, आज्याच्या समोर.

संध्याकाळी तिघं माझ्याकडं आले. मी पाळीवरून येऊन हातपाय धूत होतो.

“मामा, बंदी कुणी घातली?”

“हैबतरावाच्या बापानं. साऱ्या वाडीला ठावं हाय.”

“पाहिलं का ऐकलं?”

“पाहायला कशाला पायजे? त्यांची जात बघितली की कळतंय.”

मी असं म्हणालो आणि रत्ना समोर उभी होती. ती खाली बघायला लागली. चांगुणानं मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, “मग ऐकलं,” आणि लिहिलं. मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. ज्या माणसांच्या विहिरीवर आमच्या आईनं उन्हात तासन्‌तास वाट बघितली, कुणी वरून पाणी घालील म्हणून, त्या माणसांविरुद्ध मी साक्ष देतोय, आणि ही पोर मला विचारतीय, पाहिलं का!

“विहिरीचं पाहिलंय मी,” मी ओरडलो. “ते लिव!”

“लिवते की,” ती म्हणाली. “पर ते विहिरीचं झालं, मामा. गाडीचं सांगा.”

मी पंचा उचलला आणि आत गेलो.

वाडी झाली, गावठाण झालं. गावभर एकच चर्चा, मास्तरणीनं पोरांना पोलिसात भरती केलंय. पोरं दिसली की माणसं लांबूनच ओरडायची, “ऐकलंय रं बाबांनो, ऐकलंय! पाहिलं न्हाई!” फळ्यावर ‘ऐकलं’चा रकाना खालपर्यंत भरला. ‘पाहिलं’चा कोरा.

शेवटी सारजाबाई उरली. वाडीच्या टोकाला राहते, कानानं कमी ऐकते, म्हणून तिला सगळ्यांनी टाळलेलं. भैरू तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. म्हातारी म्हणाली, “थांबायची की गाडी. आधी थांबायची.”

“आँ? कधी?”

“दुष्काळाच्या आधी. मी सवता उतरलीया, डोस्क्यावर बोचकं घिऊन.”

“मग बंद कशी झाली?”

“बहात्तरात रस्त्याचं काम निघालं. फाट्यावर ही खडी. ढिगावर ढीग. म्याच फोडत हुते, चांगुणे, तुजी आजी बी हुती. गाडीला कडंला घ्यायला जागाच न्हाई. कंडक्टर म्हणला, हितं गाडी थांबणार न्हाई, म्होरं उतरा. तवापासनं म्होरं उतरतुया.”

“पाटलाच्या बापानं बंदी घातली न्हाई?”

म्हातारी म्हणाली, “तसं मी बी म्हणत हुते की.” मग स्वतःच हसायला लागली, बिनदाताची. “म्हंजी आमीच फोडलेल्या खडीनं आमचीच गाडी अडीवली व्हय गं?”

दुष्काळ सरला. खडी रस्त्यात गेली, रस्ता डांबरी झाला. ढीग कुणाला आठवले नाहीत, मलाही नाहीत. कंडक्टरचं एक वाक्य मात्र राहिलं, आणि नऊ वर्षांत त्याचा वाडीत पाटलाचा हुकूम झाला, गावठाणात सरकारी नियम झाला.

साहेब, तुमच्यासारखी माणसं आता खूश होतील. म्हणतील, बघा, बंदीबिंदी काही नव्हती, हे लोक उगाच बोंबलतात. थांबा. तेव्हा मारुतीपुढच्या हॉटेलात आमच्या कपबश्या वेगळ्या होत्या, त्या मी माझ्या हातानं विसळल्यात. ते ‘पाहिलं’मध्ये लिहा. खोटी बंदी आम्हाला पटली, कारण तिच्यासारख्या खऱ्या आम्ही भोगल्या होत्या. आणि गावठाणाला सरकारी नियम पटला, कारण गाडी आपल्याच दारात थांबते यात त्यांना बरं वाटत होतं. नऊ वर्षांत त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. आमच्यातल्याही नाही. विचारलं कुणी, तर पोरांनी.

बाईंनी हे सगळं वर्गात बोलायला लावलं. रत्ना आणि चांगुणा भांडल्या, रडल्या. शेवटी ठरलं, आता करून बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा वर्ग फाट्यावर उभा राहिला. पौडची गाडी ओढा चढून वर आली. सगळ्यांनी हात वर केले. गाडी भुर्रकन निघून गेली.

“बघितलं?” मी भीमाबाईला म्हणालो. “आता बोला म्हणावं खडी.”

पण बाईंनी पोरांना एवढंच विचारलं, “तुम्ही काय पाहिलं?”

“गाडी थांबली न्हाई.”

“का थांबली नाही, ते पाहिलं?”

“न्हाई.”

मग संध्याकाळी गाडी माघारी आली तेव्हा देवळापाशी पोरांनी ड्रायव्हरला गाठलं. कुशाबा त्याचं नाव. गाडी सोडून चहाला उतरला होता.

“सकाळी हात केला, थांबला का न्हाई?” भैरू म्हणाला.

“तुमी व्हय ते? आरं, रस्त्यानं पोरं रोजच हात करत्यात, टाटा करत्यात. म्या बी टाटा केला की तुमाला! दिसलं न्हाई?”

भैरू म्हणाला, “मला वाटलं माशी हाणतायत.”

कुशाबा पोट धरून हसला. मग चहा फुंकत म्हणाला, “मोठं मानूस उभं करा. तितं थांबायचं न्हाई असं मला कुणी सांगितल्यालं न्हाई. तितं कुणी हातच करत न्हाई, तर म्या काय करू? जो चढंल त्याला माघारी तितंच उतरवीन.”

मोठं माणूस. वाडीतलं एकही तयार होईना. मी गेलो असतो? नाही गेलो. मला भीती गाडी न थांबण्याची नव्हती. थांबली तर नऊ वर्षांचा माझा राग कुठं ठेवू, हा प्रश्न होता. आणि भीमाबाई तर ऐकूनच घेईना.

“आमच्या बापानं गावकीची भाकर मागायची सोडली,” ती म्हणाली. “बाबासाहेबांनी सांगितलं, हात पसरायचा न्हाई. अन् मी आता रस्त्यात उभी ऱ्हाऊन हात करू? नऊ वर्सं ज्यांनी बघितलं न्हाई त्यांच्याम्होरं?”

“पसरायचा न्हाई, आये,” चांगुणा म्हणाली. “वर करायचा.”

भीमाबाई चुलीकडं वळली. परीक्षा झाली, चांगुणा पास झाली. पौडच्या शाळेत नावं घालायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी चांगुणानं काही मागितलं नाही, रुसली नाही. निकालाचा कागद तेवढा आईच्या उशाशी ठेवला.

सकाळी भीमाबाई उठली. ठेवणीतलं निळ्या काठाचं लुगडं नेसली. पोरीचा हात धरून फाट्यावर जाऊन उभी राहिली. हे मी पाहिलं. मी बांधावर होतो.

गाडी ओढा चढून वर आली. भीमाबाईचा हात खालीच. गाडी जवळ आली. हात खालीच. मी मनात म्हटलं, गेली. तेवढ्यात तिनं हात उचलला, सरळ, डोक्याच्या वर, मोर्चात उचलतात तसा. ब्रेक करकरले. गाडी थांबली.

आत हैबतराव बसलेले, पौडला कचेरीच्या कामाला निघालेले. खिडकीतून तोंड काढून म्हणाले, “का रं कुशाबा? हितं का थांबलास?”

कुशाबा म्हणाला, “पाशिंजर हाय.”

एवढंच. भीमाबाई चढली, हैबतरावांच्या पुढच्या बाकावर ऐसपैस बसली, पोरीला खिडकी दिली. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली. त्या संध्याकाळी दोघी फाट्यावर उतरल्या, आणि तेव्हापासून गाडी तिथं थांबते. चांगुणा आठवीत आहे. उजेडात घरी येते. मागच्या आठवड्यात हैबतरावांच्या रानातल्या बायकाही आमच्या फाट्यावर उतरल्या, जवळ पडतं म्हणून.

आणि मग तुमचं पत्र आलं.

तक्रार कुणी केली हे मला ठाऊक नाही. एक नाव कानावर आलंय. पण ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. वर्षापूर्वी बेधडक लिहिलं असतं. तुमच्या पत्रात ज्याला भडकवणं म्हटलंय ते हे आहे. या बाईंनी माझ्यासारख्या भडकलेल्या माणसालाही थांबून विचारायला लावलं.

आता पोरांचा प्रश्न तुम्हाला. पुस्तकाबाहेरचं विचारायचं नाही, हा नियम कुणी केला? तुम्ही तो पाहिलाय, का तुमच्या आधीच्या साहेबाकडून ऐकलाय, आणि त्यानं त्याच्या आधीच्याकडून? कुठल्या दुष्काळातल्या कुठल्या ढिगापाशी कोण काय बोललं, त्यावर तुम्ही आमच्या बाईंची नोकरी टांगून ठेवलीय?

या वर्षीच्या सातवीनं फळ्यावर दोन रकाने आखून ठेवलेत. दोन्ही कोरे आहेत. तुमचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं? बोला.