दाव्यासकट गोऱ्हा

मोरगावच्या सरुबाईच्या बांधावरच्या बाभळीला सकाळी एक गोऱ्हा बांधलेला सापडला. काळापांढरा, संकरित, तीनेक महिन्यांचा. टेम्पोमागं धावत येऊ नये एवढी काळजी सोडून जाणाऱ्यानं घेतली होती. पाणी ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

सरुबाईच्या दारात एक गाय, दोन शेळ्या आणि कडब्याच्या नव्वद पेंढ्या. त्या गाईला पावसापर्यंत जेमतेम पुरायच्या. गोऱ्हा ठेवला तर गाय अर्धपोटी, सोडला तर कुत्री फाडणार. बाईला रडू आलं नाही, संताप आला.

गोऱ्ह्याच्या कानात पिवळा बिल्ला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यावरचे बारा आकडे मोबाइलमध्ये घातले, तेव्हा नाव निघालं मोहनरावांचं. इंदापूर तालुक्यातले कालव्याखालचे बागायतदार.

"विकला असता तर नव्या मालकाच्या नावावर करायला लागतो. तशी नोंद नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे जबाबदारी त्यांचीच. पण ऐकतील का ते?"

"ऐकाय मी कुठं सांगतीया? मी नेऊन बांधनार हाय."

भाचा कुंडलिक पिकअप घेऊन बारामतीला निघाला होता. बाईनं गोऱ्हा गाडीत चढवला, स्वतः शेजारी बसली आणि त्याला पुढं इंदापूरच्या वाटेला लावलं.

मोहनरावांच्या गोठ्यात गाईंना पंखे होते, खाली रबरी गाद्या होत्या, आणि दारावर पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात.' एका कोपऱ्यात चाऱ्यासाठी आणलेल्या उसाच्या शेंड्यांचा, वाढ्याचा ढीग कुंडलिकच्या डोक्याच्या वर गेलेला. गाडीतला गोऱ्हा बघून मोहनराव जरा थबकले, मग हसले.

"मावशी, हा तर म्या मागल्या बाजारात ईकला. घेनाऱ्यानं कुठं सोडला, मला काय ठावं?"

"कुनी घेतला?"

"बाजारात कोन नाव इचारतं?"

सरुबाईनं मान डोलावली. चपला काढून ती आत गेली, मागून कुंडलिक गोऱ्हा उतरवून घेऊन आला. भिंतीवरच्या खुंटीला निळ्या-पिवळ्या दोरीची सात-आठ दावी टांगलेली होती.

"लई दावी जमवली की वो. कशाची?"

विषय बदलल्यानं मोहनरावांना हायसं वाटलं. "ईकलेल्या गाईंची. जनावर द्यायचं, दावं न्हाय. दाव्यासंगं दावनीची बरकत जाती. आमच्यात वडलांपासून कुनी दिलं न्हाय."

"आमच्यातबी न्हाय देत." सरुबाईनं गोऱ्ह्याच्या गळ्यातल्या दोरीचं टोक मोहनरावांच्या हातात दिलं. निळी-पिवळी, तोच पीळ, तीच गाठ. "मग ह्ये हितं खुंटीवर का न्हाय? का ह्याच्यापुरती बरकत जास्त झाली व्हती?"

धारा काढणारे दोन गडी हातातलं काम सोडून बघायला लागले.

"दूध देत न्हाय म्हनून टाकलाव," ती आवाज न चढवता म्हणाली. "ह्याच्या आईचं दूध तेवढं चाललं. आनि टाकलाव कुठं, तर जितं पानी न्हाय तितं."

"बरं, चुकलं," मोहनराव हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. वाढं देतो गाडीभर."

"गाडी आठ दिसांत सपंल. मंग? मी कुनाच्या बांधाला बांधू?"

तिनं स्वतःच गोऱ्हा नेऊन दावणीच्या मोकळ्या कडीला बांधला. शेजारची गाय त्याला चाटायला लागली. गड्यांपैकी एकजण तोंड फिरवून हसला.

"बिल्ल्याचा नंबर कुंडलिकनं माज्या दाराच्या चौकटीवर लिवलाय, मोहनराव. दर म्हैन्याला डॉक्टरला हितं व्हिडिओवाला फोन लावायला लावीन. गोऱ्हा दिसला न्हाय तर सरळ गावसभेत येऊन इचारीन. गाडीभाडं तुमचं."

परतीला कुंडलिक म्हणाला, "आत्या, दावं तरी सोडून घ्यायचं व्हतं. पुरावा व्हता तेवढा."

"दावं ठिवून घ्यायला मी काय गोऱ्हा ईकलाय व्हय?" सरुबाई म्हणाली. "गाडी हान. गाय पान्याची ऱ्हायलीया."