शुक्रवारच्या फुल्या

सन २०१८. जिल्ह्याचं नाव तेव्हा अजून अहमदनगरच होतं, आणि पाथर्डी तालुक्यात पावसानं दोनदा तोंड दाखवून पाठ फिरवली होती. त्या साली पिंपळदऱ्याच्या माळावर दर गुरुवारी संध्याकाळी अशी गर्दी लोटायची की ट्रॅक्टर उभा करायला जागा मिळत नसे. पत्र्याचं शेड, झेंडूच्या माळा, कर्णा, उदाचा धूर आणि मधोमध गादीवर घुंगरूबाबा.

बाबांचा चमत्कार गाजला तो सुकन्यामुळे. सतरा वर्षांची पोर. बाबा तिला पाटावर पाय पसरून बसवत, दोन्ही घोट्यांना भरगच्च चाळ बांधत आणि दरडावत, "आता हलायचं न्हाई!" गर्दी श्वास रोखून बघायची. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं. मग पोरीच्या कपाळावर घाम यायचा, ओठ दातांखाली जायचा आणि छुन्. पुन्हा छुन्. मग दोन्ही चाळ वाजू लागायचे.

"आली! नाचनारीन आली!" बाबा ओरडायचे. "ऊठ! गादीला पाच फेरे घाल!"

पाच फेरे झाले की पोर समोर उभी राहायची आणि घुंगरू एकदम गप्प.

"बघा! जागच्या जागी जखडली!" की जयजयकार.

पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली भीमाबाई पदरानं डोळे पुसायची. सुकन्या तिची लेक. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही पोर श्रीगोंद्याकडं उसात जन्मली. त्या बांधाला एक नाचनारीन पुरल्याली हाय. तीच हिच्या पायात शिरली." भीमाबाईच्या अंगावर काटा आला होता. नवव्या महिन्यापर्यंत तिनं ऊस तोडला होता आणि उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत, बाळंत झाली होती. हे बाबांना कसं कळलं? तेव्हापासून ती त्यांची भक्त झाली. आणि मनात एक बोच घेऊन बसली : माझ्यामुळंच झालं.

सुकन्याला आठवीपासून फीट यायची. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, फीट आली की कॅलेंडरवर फुली मारायला सांगितलं. आठ महिने एकही फुली पडली नाही. पण संध्याकाळी अभ्यासाला बसली की पायांच्या आत काहीतरी वळवळायचं. "आये, हाडात मुंग्या चालत्यात गं." उठून चाललं की बरं वाटायचं, टेकलं की पुन्हा तेच. झोपेचं खोबरं झालं. म्हणून बाबा.

बाबांचा नेम होता : गुरुवारी पोटात विलायती विष नको, गोळी बंद, आणि रात्रभर जागरण. शुक्रवारी सकाळी पोरीला फीट यायची.

"जाताना लाथ मारून जाती ती," बाबा समजावायचे. "पन पुढं सा दिवस धरून ठिवली का न्हाई म्या?"

खरंच, ते सहा दिवस फीट येत नसे.

दसरा जवळ आला. गावची टोळी ऊसतोडीला निघायची होती. बाबांनी सुकन्याच्या बापाला, सहादेवला, बोलावून घेतलं. "पोरगी चाळीस दिवस मठात सोड. गोळी एकदम बंद. कायमची मोकळी करतो." सहादेवनं मान डोलावली.

सोमवारी सुकन्या आईला म्हणाली, "गोळ्या संपल्यात. पाथर्डीला चल माझ्यासंगं. मग सोडा कुटं सोडायचं ते."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पायांचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"संध्याकाळी जास्त होतं? बसल्यावर? चाललं की थांबतं?"

भीमाबाई चाटच पडली. "तुमाला कुनी सांगितलं? बाबांनी?"

"बाबांनी नाही हो मावशी, पुस्तकानं." बाई हसल्या. "याला नाव आहे. पाय अस्वस्थ होण्याचा आजार. बऱ्याच जणांना असतो. रक्तातलं लोह कमी असलं की वाढतो. तपासून घेऊ. आणि ऐका, पाय झोपू देत नाहीत, आणि झोप मोडली की हिला फीट येऊ शकते. आजार दोन आहेत, पण एकमेकांना चिथावतात."

"अन् गोळी चाळीस दिस बंद ठिवली तर?"

बाईंचं हसू गेलं. "मावशी, एकदम गोळी बंद केली तर एखादी फीट थांबणारच नाही. पोर हातची जाईल."

घरी आल्यावर सुकन्यानं भिंतीवरचं कॅलेंडर आईसमोर धरलं. भीमाबाईला अक्षर येत नव्हतं. पण जन्मभर कांद्याची लावण केलेल्या बाईला ओळ कळते. चार महिन्यांच्या साऱ्या फुल्या एका ओळीत होत्या.

"ही कंची वळ?"

"शुक्रवारची. अन् वरची गुरुवारची."

भीमाबाईनं एकेका फुलीवर बोट ठेवत पानं उलटली. मग कॅलेंडर लेकीच्या हातातून घेऊन गुंडाळलं आणि पदराखाली घेतलं.

गुरुवार आला. कर्णा, धूर, गर्दी. बाबांनी सुकन्याच्या पायात चाळ बांधले. वीस मिनिटांत छुन् झालं. बाबा म्हणाले, "ऊठ! गादीला फेरे!"

सुकन्या उठली आणि गादीकडे पाठ करून चालू लागली. गर्दी फाटली. शेडबाहेर टोळीचा, सहादेव चालवायचा तो ट्रॅक्टर उभा होता. तिनं त्याला पाच फेरे घातले आणि उभी राहिली. घुंगरू गप्प.

कुणीतरी म्हातारा खोकला. मागून एक बाई म्हणाली, "आगं बया, ट्रॅक्टर बी पावला की!"

बाबा कडाडले, "ही सारी जागा माझ्या प्रभावात हाय!"

"मग उद्या सकाळी नऊला बसवा ना मला," सुकन्या म्हणाली. "बघू चाळ वाजत्यात का. माझं पाय सांजंलाच वळवळत्यात, बसलं की. चाललं की थांबत्यात. बांधावर, रस्त्यावर, कुटंबी."

भीमाबाई उठली. "म्हाराज, त्या नाचनारनीची ड्युटी सांजंचीच हाय का? अन् शुक्रवारी सकाळी ओव्हरटाइम?"

हशा पिकला. भीमाबाईनं कॅलेंडर उलगडून धरलं. "बघा रं. सा दिवस गोळी, सा दिवस फीट न्हाई. एक दिवस ह्यांचं जागरन, गोळी बंद, की दुसऱ्या दिशी फुली. नाचनारीन न्हाई, गड्यांनो. न झोपल्याली, औशिद तोडल्याली माजी लेक हाय ती!"

"आन् उसात जन्मल्याचं बाबांना कसं कळलं?" सहादेवनं गर्दीतून विचारलं.

रांगेत चहा वाटणारी चांगुणा खाली बघत म्हणाली, "मीच इचारलं हुतं भीमावैनीला. चा देताना. मग बाबांना सांगत हुते. सगळ्यांचंच सांगते."

"भोगशील पोरी!" बाबांनी बोट रोखलं. "आज रातीलाच भोगशील!"

सुकन्यानं ओढणीच्या गाठीतली रात्रीची गोळी काढली. बाबांच्या गादीपुढचा तीर्थाचा तांब्या उचलला. गोळी तोंडात टाकली, वरून घोटभर तीर्थ प्याली आणि तांब्या जागच्या जागी ठेवला.

"आता मी घरी जाऊन झोपनार हाय," ती म्हणाली.

पुढची शुक्रवारची चौकट कोरी राहिली. त्या पुढचीही.

एकाच गुरुवारात सगळं आवरलं असं नाही. फीट वर्षाकाठी एखादी येते अजून. लोहाच्या गोळ्यांनी पाय पुष्कळ निवले, तरी एस्टीत लांबचा प्रवास असला की सुकन्या उभी राहूनच जाते आणि कंडक्टरला कारण सांगायला लाजत नाही. ती आता शेवगावात लॅबमध्ये रक्त तपासते. तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. तो पाहायला आला तेव्हाच दोन्ही आजार सांगून टाकले होते. त्याआधी पाहायला आलेले दोघे ते ऐकून उठून गेले होते, त्यांना चहा मात्र पाजला. सहादेव त्या साली टोळीबरोबर गेला तो लेकीला आईजवळ घरी ठेवून, आणि रोज फोनवर विचारायचा, "गोळी घेतली का?" चांगुणा आता शाळेत खिचडी शिजवते. घुंगरूबाबा महिनाभरात शेड मोडून गेले. दोन तालुके पलीकडे साखरेचा आजार उतरवतात असं ऐकलं. तिथंही गोळ्या बंद करायला सांगतात.

म्हणून एवढं सांगणं. कुणाला फीट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला. नाकाला चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा नको. फीट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर १०८ची गाडी बोलवा. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा : हे कधी होतं, कधी होत नाही? एवढं लिहून ठेवायला एक खिळा, एक कॅलेंडर पुरतं.

ते चाळ परत द्यायचे राहूनच गेले. भीमाबाईनं ते उसवून घुंगरू दोरीत ओवले आणि बैलांच्या गळ्यात बांधले. बैल चालले की वाजतात, थांबले की थांबतात. बघायला कुणी जमत नाही.