मला तळ्यातच राहू द्या

मी एक जुना राक्षस आहे. म्हणजे सिनेमातल्या राक्षसाचा रबरी पोशाख. मित्रांनो, मला पाहून तुमच्या आजोबांनी डोळे गच्च मिटले होते. तुम्ही खो खो हसता. तुमच्यावर राग नाही, मलाच माझी किळस येते.

मला घडवणाऱ्या बाईंना स्टुडिओत सगळे मावशी म्हणत. शूटिंगचा दिवस उजाडला तरी माझा डावा गाल तयार नव्हता. दिग्दर्शक चरफडले आणि त्यांनी ती बाजू अंधारात ठेवली. त्या न दिसणाऱ्या गालानंच लोकांची पाचावर धारण बसली! शेवटी मी तळ्यात बुडून मेलो, तेव्हा मला घाबरणारेच हुंदके देऊन रडले. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "छान मेलास रे बाळा."

पण तिकीटबारीवरची गर्दी पाहून निर्मात्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्या भागात त्यांनी मला तळ्यातून ओढून काढलं. मी म्हणे नुसता बेशुद्ध पडलो होतो! गाल पुरा करून त्यावर झगझगीत दिवे सोडले. मग ज्याचा सिनेमा चालेल त्याचं काही ना काही माझ्या अंगाला चिकटू लागलं. शेजारच्या स्टुडिओचा यंत्रमानव गाजला, तर मला पत्र्याचा हात. कुणाचं कुत्र्याचं पिल्लू लोकांना आवडलं, तर मलाही एक पिल्लू, तेही लाडे लाडे बोलणारं! मला नाचवलं, अंतराळात पाठवलं. माझा व्हिडिओ गेम निघाला, त्यात तर मी दर मिनिटाला मरायचो आणि टुणकन उठायचो. शी! माझ्या आत घामाचा आणि शिळ्या डिंकाचा असा वास साठला की नट नाक दाबून आत शिरायचा. पुढे खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. पत्र्याच्या हातावर लोक ओली फडकी वाळत घालायचे.

एके दिवशी मावशींची लेक आईला घेऊन मला शोधत आली. ती आता दिग्दर्शिका झाली होती.

"आई, याला नीट मरू द्यायचंय," ती म्हणाली.

थकलेल्या मावशींनी पत्र्याचा हात उपटला आणि तो डावा गाल स्वतः कापून काढला. लेकीनं निर्मात्यांना बजावलं, "हा शेवटचा भाग. मेला म्हणजे मेला."

"अगं, तुझ्या शब्दाबाहेर आहे का मी?" ते म्हणाले.

पण ती जेवायला गेली असताना त्यांनी माझ्या पापणीला दोरा बांधून ओढला, कॅमेरा चालू ठेवून. मला वाटलं, गंमत चाललीय.

सिनेमा लागला. पुन्हा अर्धा चेहरा, पुन्हा ते तळं. मी बुडालो, लोक रडले. मावशींनी लेकीचा हात धरला. पडदा काळा झाला आणि अचानक त्यावर माझा डोळा उघडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. लेक ताडकन उठून बाहेर गेली. मावशी तिथंच बसून राहिल्या.

"अगं, किती छान मेला होता गं तो," त्या लेकीच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या.

आता सगळ्याच स्टुडिओंतले राक्षस अर्ध्या अंधारात उभे असतात, दोन्ही गाल धडधाकट असूनही. आणि माझ्यासाठी नवा पत्रा कापणं सुरू आहे.

मित्रांनो, आवडत्या गोष्टीची काळजी घ्यायची, तर तिला संपू द्या. पुढच्या वेळी पडद्यावर माझा डोळा उघडला, तर शिट्टी मारू नका. आजोबांसारखं थोडं रडा आणि गुपचूप घरी जा. तुम्ही उठून गेलात, तरच मी मरेन.