समितीपुढे गेलेला हत्ती

मी चाकांवरचा लाकडी हत्ती बोलतोय. उंची वीतभर, रंग निळा. दोरी ओढली की कान हलतात.

दोन जावांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना आपला म्हणायला. एक लांबट खोली, एक लेथ आणि भुशाचा ढीग. थोरली लाकूड कातायची, धाकटी रंगवायची.

एक दिवस थोरली वर्तमानपत्र हातात घेऊनच आत आली. खेळण्यांसाठी नवा कायदा होत होता. प्रत्येक खेळणं, प्रत्येक रंगात, वेगळं तपासून घ्यायचं.

"ताई, आपण चाळीस प्रकार करतो," धाकटी म्हणाली. "तपासणीतच वर्ष जाईल. खेळणी करायची कधी?"

"हे सुचलं तरी कुणाला?"

सुचलं होतं मोठ्या कारखानदारांच्या संघटनेला. त्यांची एकच बाहुली लाखाने निघते, त्यांना एक तपासणी पुरते. हे मला, कायद्याचा मसुदा पाहणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंच्या बाहेरच्या खोलीत कळलं. तिथे आम्ही दोनदा ताटकळून परतलो. संघटनेचे सचिव मात्र हसत यायचे, शिपायाच्या आईची तब्येत विचारायचे आणि सरळ आत जायचे. माणूस वाईट नव्हता बरं. आकडे तोंडपाठ, कागद चोख. आमच्याकडे काय? एक पिशवी आणि पिशवीत मी.

तिसऱ्या खेपेला मात्र समितीपुढे दहा मिनिटं मिळाली. थोरली घाईने पुढे झाली. तिने मला टेबलावर ठेवून दोरी जरा जोरातच ओढली. मी सुसाट निघालो आणि सचिवांच्या ग्लासवर आदळलो. पाणी त्यांच्या कागदांवर! सगळे खो खो हसले. तेही हसले.

मग कागद पुसत म्हणाले, "गोड आहे. पण बाई, मूल हा तोंडात घालणार. रंग विषारी नाही कशावरून?"

हसू थांबलं. खरं सांगू? प्रश्न रास्त होता. माझीही पाचावर धारण बसली.

धाकटी उठली. "मग तपासा ना! पण निळा हत्ती आणि निळा ससा एकाच डब्यातून रंगतात. डबा तपासा की. दोघांना वेगवेगळं कशाला?"

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून कलम पुन्हा वाचलं. "हे वाक्य कुणी लिहून दिलं?"

बाईंच्या सहायकाने सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी ओल्या कागदांकडे.

"आधी याचा रंग तपासून आणा," बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत माझी एक बाजू खरवडली. रंग निर्दोष निघाला. कलम बदललं: तपासणी रंगाची, खेळण्यागणिक नाही. प्रत्येक खेळण्यावर ते कोणत्या वयाच्या मुलासाठी, याचा शिक्का हवा, हे संघटनेचं म्हणणं मात्र राहिलं. थोरली कुरकुरली. धाकटी म्हणाली, "तेवढं बरोबरच आहे गं ताई."

जावांनी मला अध्यक्षबाईंना भेट म्हणून पाठवलं; भेटवस्तू घेता येत नाही, अशी चिठ्ठी जोडून त्यांनी मला परत पाठवलं. आता मी जावांच्या दुकानाच्या फळीवर आहे, एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने कोरा. परवा सचिव नातीसाठी ससा घ्यायला आले. "आमचे सभासद व्हा," म्हणाले.

"आमचीच संघटना काढतोय," थोरली म्हणाली. "आमच्यासारख्या तेरा जणी जमल्यात."

मी काही विकाऊ नाही, पण एक मागणं आहे. तुमच्या कामाचा नियम कुठे ठरत असेल, तर तिथे जा. बोलावणं येणार नाही. तरी जा.