चौथा दिवा

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीला हात लावायची मला मुभा नव्हती. चावी कायम ह्यांच्या करदोड्याला. बायकांनी विजेच्या भानगडीत पडू नये म्हणे, आणि स्वतः मात्र विळ्याने वायर सोलायचे.

आमची हेमांगी नंदुरबारला नोकरी करते. दोन वर्षं खपून तिने फोनवरून मोटार चालू-बंद करायची एक छोटी पेटी बनवली आणि ती ह्या मोठ्या पेटीत बसवली. फोनवर पान उघडून बटण दाबलं, की तिच्या पेटीतून शेजारच्या जुन्या स्टार्टरला हुकूम जातो. वर तिने पाच दिवे बसवले: वीज आली, फोनचा निरोप आला, हुकूम सुटला, स्टार्टरने ऐकला, मोटार फिरली.

"हाई दिवाई कसाले?" दिव्यांची ती दिवाळी बघून हे म्हणाले. बिघाड कुठे आहे ते काही न उसवता कळायला हवं, असं तिचं उत्तर.

तिसऱ्याच दिवशी मोटार मुकी झाली. केळी घडांवर, ऊन रणरणतं. दलसिंग वायरमनने बांधावरूनच निकाल दिला, पोरीची पेटी जळाली. ह्यांना तेच हवं होतं. आत्ता उपटून फेकतो म्हणाले. माझं डोकं फिरलं. चावी मी मागितली नाही, हिसकावली.

पेटी उघडून हेमांगीला फोन लावला, तिने तिथून बटण दाबलं. तीन दिवे लागले, चौथा, स्टार्टरचा, बंद.

"माय, मन्ही पेटी चांगली शे. स्टार्टर दख," ती म्हणाली. आधी मेन स्विच पाडायला लावला.

लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून आमच्याकडे हिरव्या बटणात काडी खुपसतात. इथे कपाशीच्या पऱ्हाटीची काडी घसरून मोटार बंद करायच्या लाल बटणावर अडकली होती, बटण आत दाबलेलं. मी ती उपटली, स्विच वर केला. पोरीने नंदुरबारहून पुन्हा बटण दाबलं. चौथा लागला, पाचवा लागला, आणि पाइपातून पाणी धो धो पडलं. मला इतका आनंद झाला की मी बांधावर उभी राहून हसत सुटले. दलसिंग पक्कड पिशवीत टाकून निघून गेला.

ह्यांनी काडी हातात घेऊन निरखली.

"मन्हीच शे," हळूच म्हणाले. "पेटीवर भरोसा नव्हता, काल खुपसी व्हती."

मी चावी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तुन्हाजोडेच ऱ्हाऊ दे."

मी ती पदराला बांधली. संध्याकाळी मोटार मीच बंद केली, ओट्यावर बसून, फोनवरून.